बशीत थांबलेलं दुखणं

होळी झाली की आमच्या घरातलं बोलणं कमी व्हायचं. शेजारी कुरडयांचा चीक शिजायचा, पोरं वाट्या घेऊन तो मागत हिंडायची, बाजारात कैऱ्यांचे ढीग लागायचे. आणि आमच्याकडे आई रिकामी पिंपं घासून भिंतीच्या सावलीला मांडत असायची. आबा, म्हणजे माझे वडील, दारातल्या लिंबाखाली बाज टाकायचे आणि तिच्या पायथ्याशी पाण्याचं घमेलं ठेवायचे. माझी थोरली बहीण, आक्का, आपलं अंथरूण उचलून न्हाणीजवळच्या गार फरशीवर आणायची. कुणी कुणाला काही सांगायचं नाही. उन्हाळा आलेला असायचा, आणि उन्हाळ्यात आबांचे आणि आक्काचे पाय पेटायचे.

पेटायचे हा घरातलाच शब्द. "पेटलं का गं?" असं आबा बाहेरून विचारायचे आणि आक्का आतून "व्हय" म्हणायची. घोट्यापर्यंत लालभडक, सुजून चकाकणारे पाय. हात लावला तर ताप चढलेल्या माणसाच्या कपाळासारखे गरम. चाललं की पेटायचे, उभं राहिलं की पेटायचे, चप्पल घातली की पेटायचे, आणि कधी कधी काहीएक न करता नुसतं बसल्या जागी. गार पाण्यात घातले की तेवढ्यापुरतं शमायचं. बाहेर काढले की पुन्हा तेच. हिवाळ्यात सगळं गाव शेकोटीभोवती कुडकुडत असताना आक्का उघड्या पायांनी अंगणात गाणं म्हणत फिरायची. तिची दिवाळी संक्रांतीपर्यंत चालायची.

आमची वस्ती शिरूरपासून थोडी आत, घोडनदीच्या अंगाला. आम्ही मूळचे मेंढपाळ. आबांच्या वडिलांपर्यंत सगळे दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे आणि तापल्या वाटेनं परत यायचे. आबांकडे म्हणून कारण तयार होतं. "आपल्या मागल्यांनी लई पायपीट केली. ती आग रक्तात उतरलीया," ते म्हणायचे. गावात याहून साधं कारण होतं: आक्का नाटकी आहे. कामाच्या वेळीच बरे हिचे पाय पेटतात. डॉक्टरांनी कधी रक्त कमी आहे म्हणून सांगितलं, कधी कॅल्शियम. एकानं सरळ विचारलं, घरात काही भांडण आहे का? शाळेत बूट सक्तीचे झाले आणि आक्काची शाळा आठवीत सुटली.

मला काही झालं नाही. आम्ही दोघी एका बाजेवर झोपलो, एका ताटात जेवलो, एका आंब्याच्या कोयीवरून भांडलो. माझे पाय गारच राहिले.

आज मी सणसवाडीत राहते. खिडकीखालून दिवसभर कंपन्यांच्या बसगाड्या जातात, पाळी सुटली की रस्त्यावर मराठीपेक्षा हिंदीच जास्त ऐकू येतं. एका कंपनीच्या प्रयोगशाळेत मी मसाल्यांचे नमुने तपासते. संध्याकाळी केसांना मिरचीचा वास येत असतो. चैत्र लागला की बाहेरचा डांबरी रस्ता मऊ पडतो आणि माझं लक्ष आपोआप लोकांच्या पायांकडे जायला लागतं. चहाच्या टपरीवर कुणी चप्पल काढून पाय गारव्याला धरला तरी तो लाल झालाय का, ते मी वाकून बघते. यंदा असंच चाललं होतं आणि एका सकाळी पाटसहून दाजींचा फोन आला.

"वंदनाताई, चारीला पाणी सुटलंय," दाजी म्हणाले. दाजी म्हणजे आक्काचे मालक. कालव्याचं पाणी शेतापर्यंत आणणारा लहान पाट म्हणजे चारी. ती त्यांच्या घरामागूनच जाते. "तुमची आक्का इचारती, आमच्या पोरीला घिऊन कवा येताय?"

उन्हाळ्यात चारीला पाणी सुटणं ही तिकडे आनंदाची बातमी असते. ऊस तगतो, विहिरी वर येतात, माणसं एकमेकांशी नीट बोलायला लागतात. मी "येते" म्हणाले आणि फोन ठेवला. मग बराच वेळ मला त्या एका जुन्या उन्हाळ्याशिवाय काही सुचेना.

तिथं पोचायला थोडं मागं जावं लागेल. आक्काचं लग्न पाटसला झालं. आबांनी पाहुण्यांना सांगितलं होतं, "पोरीचं पाय जरा गरम पडत्यात." किती गरम, ते दाजींना पहिल्याच उन्हाळ्यात कळलं. साखर कारखान्यात हंगामी काम आणि थोडा ऊस, एवढा त्यांचा संसार. पण माणूस मऊ. त्यांनी चारीच्या काठाला दोन सपाट दगड बसवून आक्काला बैठक करून दिली. पाणी असलं की आक्का तिथं पाय सोडून बसायची. भाजी तिथंच निवडायची, लेकीला तिथंच दूध पाजायची. वस्तीवरच्या बाया तिला पाटकरीण म्हणायच्या. पाणी किती आलं, कुणी वरती दार अडवलं, सगळं तिलाच आधी कळायचं. ती हसायची. आबा गेले त्या वर्षीही ती तेराव्यापर्यंत शिरूरला राहू शकली नाही, कारण आमच्या नदीला पाणी नव्हतं.

मी तेव्हा पुण्यात शिकत होते. एका तासाला मज्जातंतूंच्या आजारांवर व्याख्यान चाललं होतं, आणि पडद्यावर दोन पावलांचं चित्र आलं. कुणा परदेशी माणसाची पावलं. पण तो लाल रंग, त्या घोट्याच्या वर अचानक संपणाऱ्या कडा, ती ताणलेली चकाकी. ते पाय मी ओळखले. शेजारच्या मुलीनं विचारलं, "काय झालं गं?" मी पडद्याकडेच बघत राहिले. ज्याला आमच्या गावानं नाटक म्हटलं होतं त्याला एक लांबलचक नाव होतं, आणि ते पुस्तकात छापलेलं होतं.

कारणही होतं. दुखण्याची जाणीव वाहून नेणाऱ्या पेशींच्या आवरणात बारीक वाटा असतात. आयन वाहिन्या म्हणतात त्यांना. वाट उघडली की आपल्या मिठातलं सोडियम आत शिरतं आणि 'दुखतंय' हा निरोप पुढं निघतो. ठेच लागली, चटका बसला, तरच ती उघडायला हवी. आमच्या घराण्यात यांतली एक वाट नुसत्या उबेनंही उघडते आणि मिटायला वेळ लावते. आई-बापाकडून लेकरात उतरते ती. प्रत्येक लेकराच्या वेळी नाणं उडवल्यासारखं. आबांच्या घरी ते दोनदा उडालं. एकदा आक्काच्या विरुद्ध पडलं आणि एकदा माझ्या बाजूनं.

मी त्याच कामात शिरले. पुण्याच्या पलीकडच्या टोकाला एक संशोधन संस्था होती. परदेशातल्या औषध कंपनीचं काम ती इथं करून द्यायची. ही एकच वाट बंद करणारा पदार्थ शोधायचा, असं ते काम. एकच वाट, हेच अवघड होतं. तिची भावंडं हृदयात आहेत, मेंदूत आहेत, स्नायूंत आहेत. चुकून ती मिटली तर माणूसच मिटायचा. रसायनवाले रोज नवनवे पदार्थ बनवून खाली पाठवायचे आणि आम्ही ते काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर सोडायचो. काचेच्या नळीचं केसाहून बारीक टोक एका पेशीला टेकवायचं, नळीच्या दुसऱ्या टोकाला तोंड लावून अगदी हलकं शोषायचं, पेशी चिकटली की थांबायचं. मग पडद्यावर रेघ दिसते. वाट उघडली की रेघ खोल खाली जाते. औषध लागू पडलं तर तो खड्डा उथळ होत जातो. बहुतेक दिवशी तो होत नसे. आम्ही नळी मोडायचो आणि दुसरी घ्यायचो.

आमच्या गटाच्या प्रमुख देवयानी मॅडम. त्यांना मी आक्काबद्दल सांगितलं. त्यांनी रीतसर परवानगी काढली, आक्कानं पाटसच्या दवाखान्यात रक्त दिलं, आणि काही महिन्यांनी आक्काच्या रक्तातल्या जनुकात जो एका अक्षराचा फरक निघाला तोच फरक असलेल्या पेशी आमच्या उबवणपेटीत वाढायला लागल्या. मी त्या रोज सकाळी बघायचे. गुलाबी पाण्यात तळाशी चिकटलेल्या, दिसायला बाकीच्यांसारख्याच.

ज्या दुपारी मी त्यांतल्या एकीला नळी टेकवली त्या दुपारी मला आक्काचे पाय दिसले. इतर पेशी विजेच्या ज्या धक्क्याला हलतही नसत, तेवढ्यानंच रेघ खाली कोसळली. पुन्हा दिला, पुन्हा कोसळली. मी बराच वेळ तेच करत बसले. मग मॅडम म्हणाल्या, "औषध सोड." मी आमच्याकडचा त्या वेळचा सगळ्यांत चांगला पदार्थ सोडला. खड्डा उथळ झाला. आणखी उथळ झाला. मग रेघ सरळ पडून राहिली.

मी व्हरांड्यात जाऊन फोन लावला.

"आक्का, थांबलं."

"काय थांबलं?"

"तुझं दुखणं. बशीत."

तिच्या मागं पाण्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, "बशीत थांबलं व्हय? मंग मलाच बसीव की बशीत." आणि खळखळून हसली. मीही हसले. हसणं ओसरल्यावर तिनं जरा हळू विचारलं, "वंदे, आरूच्या येळंपातूर येईल का गं ही गोळी?"

आरू म्हणजे आरोही, तिची एकुलती लेक. तेव्हा नुकती शाळेत जायला लागलेली. मी म्हणाले, "येईल." त्या दुपारी मला तसंच वाटत होतं.

त्यानंतरची दोन-तीन वर्षं वाट बघण्याची होती. तो पदार्थ उंदरांत चालला. त्याच्यात फेरफार होऊन त्याचा धाकटा भाऊ परदेशात माणसांपर्यंत गेला. आक्का दर फोनला विचारायची, "तुझं औशद कुठवर आलं?" एखाद्या लांबच्या गाडीची चौकशी करावी तसं. मी सांगायचे, "चाललंय." आणि मग तो उन्हाळा आला.

त्या वर्षी होळीच्या आधीच भट्टी लागली होती. आधी शहराला पाणी, मग शेतीला, असं म्हणत कालव्याचं आवर्तन, म्हणजे पाणी सोडण्याची पाळी, लांबत गेलं. चारीत तडे पडले. दाजी चौफुल्यावरून बर्फाची लादी पोत्यात गुंडाळून आणायचे, वाटेतच ती अर्धी व्हायची. आक्का दिवसदिवस बादलीत पाय घालून बसायला लागली. तेच तेच पाणी, वर बर्फ. पायांची कातडी पांढरी पडली, मऊ झाली, बोटांच्या बेचक्यांत सुटायला लागली. डाव्या पायाला जखम झाली आणि ती भरेना. दौंडच्या डॉक्टरांनी पाय बघून एकच सांगितलं: पाणी बंद. मीही फोनवर तेच सांगत होते. "आक्का, पाण्यानं आणखी खराब होतंय. पंखा लाव, पाय उंच ठेव, पण पाणी नको."

"आन् पंख्याची लाईट गेल्यावर काय करू?" ती म्हणाली. "वंदे, तू कवा पेटली न्हाईस."

ती टोचून बोलत नव्हती. खरं तेच सांगत होती.

याच दिवसांत एका शुक्रवारी देवयानी मॅडमनी आम्हा सगळ्यांना खोलीत बोलावलं. माणसांवरच्या चाचण्यांचे निकाल आले होते. औषधाच्या गोळीनं जेवढा आराम पडला तेवढाच साध्या पिठाच्या गोळीनंही पडला होता. बशीत जे झालं ते माणसात झालं नव्हतं. रक्तात गेलेलं औषध रक्तातल्याच प्रथिनांना चिकटून बसत होतं, मज्जातंतूंपर्यंत पुरेसं पोचत नव्हतं. असं काहीसं त्या सांगत राहिल्या. मग म्हणाल्या, "कंपनीनं काम थांबवलंय. आपल्याकडचं सगळं आवरायचंय."

आवरायचं म्हणजे पेशी मारायच्या. तशी रीत आहे. जंतुनाशक ओतून, नीट मारून, मगच टाकायच्या. मी ते काम कुणाला करू दिलं नाही. शेवटच्या बाटलीवर माझ्याच अक्षरात आक्काच्या पेशींची खूण होती.

"ही ठेवता नाही येणार का?" मी विचारलं.

"त्यांच्या मालकीची आहे गं," मॅडम म्हणाल्या.

"माझ्या बहिणीची आहे."

"माहितीये मला." त्या माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. हातमोजे घातलेला त्यांचा हात माझ्या पाठीवर होता. मी ओतलं. गुलाबी पाणी बघता बघता पांढरं पडलं.

आईकडे शिरूरला दोन दिवस पडून राहिले, मग एसटीनं न्हावरे मार्गे चौफुल्याकडे निघाले. आक्काला हे फोनवर सांगायचं नव्हतं. त्या प्रवासातलं मला नको तेवढं आठवतं. सीटचं रेक्झीन मांडीला चिकटत होतं. दोन्ही बाजूंना तोडलेल्या उसाची रानं, पाचट पेटवलेलं, काळ्या राखेचे पापुद्रे खिडकीतून आत येऊन माझ्या ओढणीवर बसत होते. गुऱ्हाळांचा गोड धूर. एक म्हातारा कंडक्टरला विचारत होता, "पाणी कुठवर आलं म्हनं?" आणि कंडक्टर म्हणाला, "आलं आप्पा, काल रातीच आलं."

घरामागं गेले तर आक्का चारीवर, तिच्या दगडावर. दोन्ही पाय वाहत्या पाण्यात. मला बघून चेहरा उजळला तिचा.

"आलीस? बघ, पाणी आलं."

मी तिच्या शेजारी बसले. पाण्याखाली डाव्या पायाची जखम दिसत होती, कडेनं पांढरी, आत काळपट. मग मी म्हणाले, "आक्का, ते काम बंद झालं."

"कशापायी?"

"माणसांना लागू पडलं नाही."

तिनं पाण्याकडे बघत विचार केला. "कंच्या मानसांला?"

मी सांगितलं. चाचणी होती ती नेहमीच्या दुखण्याच्या लोकांवर. गुडघे, साखरेनं बधिरलेले पाय, अशांवर. आक्कासारखी माणसं जगात फार थोडी. थोड्या माणसांसाठी औषध काढायला कुणी तयार नसतं.

"म्हंजी माझ्यावर बघितलंच न्हाई," ती म्हणाली. "माझी वाट बंद झाली व्हती नव्हं बशीत? मंग मला न्हाई लागू पडलं आसं कुनी ठरीवलं?"

आजही मी पुष्कळदा मनात मॅडमना, त्या न पाहिलेल्या कंपनीला, पडद्यावरच्या त्या सरळ रेघेला हाच प्रश्न विचारते. कदाचित तिलाही लागू पडलं नसतं. कदाचित पडलं असतं. ते कळायची सोय कुणी ठेवली नाही, आणि हे मला सगळ्यांत जास्त लागतं.

आठवड्याभरात आक्काला ताप भरला. दौंडला नेलं, तिथून पुण्याला. जखमेतले जंतू हाडात गेले होते. डाव्या पायाचा गुडघ्याखालचा भाग काढावा लागेल असं ठरलं तेव्हा दाजी वॉर्डाबाहेरच्या जिन्यावर जाऊन बसले. मी आत गेले. आक्का मात्र शांत होती. मला जवळ बोलावून म्हणाली, "काढू दे. एका पायाची तरी आग जाईल एकदाची." तिच्या डोळ्यांत खरोखर सुटका होती. मला तेव्हाच काहीतरी सांगायला हवं होतं का, कोण जाणे. मला स्वतःलाच तिच्यासारखं वाटून घ्यायचं होतं.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुरती शुद्धीवर आली. वॉर्डात जेवणाचे डबे उघडले होते, वरणाचा वास होता, पंखा खडखडत होता. तिनं आधी पाणी मागितलं. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाली,

"वंदे, पाय काढला न्हाई का गं यांनी?"

"काढला आक्का."

"डावाच ना?"

"डावाच."

तिनं मान थोडी उचलून चादरीकडे बघितलं. डावीकडे चादर सपाट होती.

"मंग जळतंय काय?"

मला माहीत होतं काय जळतंय. दुखण्याच्या त्या पेशी पावलात नसतातच. त्या कण्याच्या कडेला असतात आणि त्यांची लांब तार तेवढी पावलापर्यंत जाते. तार तोडली होती. पेशी होत्या तिथंच होत्या, त्यांच्या वाटा उघड्या होत्या, आणि त्या नसलेल्या पावलाच्या नावानं निरोप पाठवत होत्या. हे सगळं मी परीक्षेत लिहिलेलं आहे. तिथं मी नळावर जाऊन रुमाल भिजवला, घट्ट पिळला आणि चादरीच्या त्या सपाट जागेवर ठेवला. तिनं डोळे मिटले.

"थोडं खाली," ती म्हणाली. "बोटांवर."

मी खाली सरकवला.

पुढं काही चांगलंही झालं, ते सांगायलाच हवं. मॅडमनी शोध घेऊन एक जुनी गोळी सुचवली. हृदयाचे ठोके बिघडलेल्यांना देतात ती. तीही याच जातीच्या वाटा थोड्या मिटवते, पण सगळ्याच, ओबडधोबड. पुण्यातल्या एका डॉक्टरांनी देखरेखीखाली ती सुरू केली. सोळा आण्यांतले चार आणे दुखणं कमी झालं, आक्का म्हणते. गोळी कधी मिळते, कधी महिना महिना मिळत नाही. जखम भरली. उजव्या पायाला तिनं पुन्हा पाणी लागू दिलं नाही. चारी भरून वाहायची आणि ती घराच्या पुढच्या अंगाला, चारी नजरेला पडणार नाही अशा जागी बाज ओढून बसायची. मी संशोधन सोडलं आणि मसाल्यांकडे आले. लोक विचारतात, एवढं शिकून हे काय? मी सांगते, इथं नमुना चांगला किंवा वाईट निघतो, आणि संध्याकाळी घरी जाता येतं.

मध्यंतरी बातमी वाचली की परदेशात याच वाटांच्या घराण्यातल्या, शेजारच्या वाटेवरची एक गोळी निघाली, शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्यासाठी. मी ती बातमी पुन्हा पुन्हा वाचली. शेजारच्या वाटेची होती. आमची वाट अजून तशीच आहे.

आरोही आता नववीत गेली. खो-खो खेळते, तालुक्याच्या संघात आहे. दर उन्हाळ्यात आम्ही तिघं, आक्का, दाजी आणि मी, तिच्या पायांकडे बघायचो आणि एकमेकांकडे बघायचं टाळायचो. तपासणी करायला आक्कानं कधी हो म्हटलं नाही. "कळून काय करायचं? खेळतीया तवर खेळू दे." सुट्टीत आरोही माझ्याकडे सणसवाडीला येते. यंदाही आली. दाजींचा फोन आला त्याच दुपारी ती कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव घेऊन परत आली, आणि चप्पल न काढता सरळ न्हाणीघरात गेली. नळ सुटल्याचा आवाज आला. थांबेना. मी दार ढकललं. ती भिंतीला टेकून उभी होती, पायांवर नळाची धार, ओठ दाताखाली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"सराव संपला की व्हायचं. आता नुसतं पन व्हतंय." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मावशी, मला नको सांगायला लावू. आईला तू सांग."

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. गाडीत तिचे पाय पुन्हा पेटले. तिनं ते समोरच्या सीटखालच्या लोखंडी नळीला टेकवून धरले. नळीही तापलेलीच होती. पाटसला उतरून वस्तीपर्यंत चालायचं होतं, ती माझा हात धरून मुकाट चालली.

आक्का पुढच्या अंगणात बाजेवर होती. लेकीची चाल तिनं लांबूनच पाहिली असणार. आम्ही पोचेपर्यंत ती उठून, कुबडी काखेत घेऊन उभी होती. मी तोंड उघडलं, पण सांगायची वेळच आली नाही. आरोहीच्या कानावर पाण्याचा आवाज पडला आणि ती पिशवी टाकून, चपला भिरकावून घरामागं पळाली.

"आरू!" आक्का ओरडली. "आरू, पाण्यात न्हाई!"

कुबडीवर तिला इतक्या जोरात जाताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी मागून धावले. पोर काठावर पोचली होती, एक पाय उचलला होता, आणि आक्कानं तिचा दंड धरला. दोघी धपकन काठावर बसल्या. कुबडी चारीत पडली आणि वाहत गेली.

"आई, एकदाच. एकदाच घालू दे."

"न्हाई."

"तू घालत व्हतीस की!"

"म्हणूनच न्हाई."

आरोही तिच्या खांद्यावर बुक्क्या मारत होती. आक्का मारू देत होती, दंड सोडत नव्हती. आवाज ऐकून दाजी रानातून आले, त्यांनी लेकीच्या पायांकडे बघितलं आणि डोक्याचा रुमाल काढून हातात धरला. मग त्यांनी आरोहीला लहानपणी उचलायचे तसं उचललं आणि पुढच्या अंगणात आणून बाजेवर निजवलं. मी आक्काला धरून आणलं. आक्कानं घरातून सूप मागवलं, आणि लेकीच्या पायांशी बसून वारा घालायला लागली. पाय उंच, उशीवर. लाल, सुजलेले. आबांचे पाय होते ते.

"थांबल बाळा. आपोआप थांबल. येळ लागतो, पन थांबतं," ती म्हणत होती. बऱ्याच वेळानं हात न थांबवता मला म्हणाली, "वंदे, तुला परत घेतील का त्या कामावर?"

"तिथं नाही. दुसरीकडं बघावं लागेल."

"मंग बघ."

मी "बघते" म्हणाले. याहून जास्त काही म्हणायचं धाडस झालं नाही.

तिचा हात भरून आला तेव्हा सूप मी घेतलं. माझा भरून आला तेव्हा दाजींनी. वीज गेलेली होती. ऊन अंगणातून मागं सरकेपर्यंत आम्ही आळीपाळीनं वारा घालत होतो. आरोही आधी रडत होती, मग कण्हत, मग गप्प झाली. चारी घरामागं भरून वाहत होती. आरोहीनं कूस बदलली आणि त्या आवाजाकडे पाठ केली.